लाइक देणारा जामीन राहत नाही

पतसंस्थेतून पन्नास हजारांचं कर्ज काढायचं म्हटलं तर दोन जामीनदार आणा म्हणतात. त्यांच्या सह्या लागतात, पगारपत्रक लागतं, नाहीतर सातबारा. आणि तेच पन्नास हजार एखाद्या रीलवाल्याच्या सांगण्यावरून शेअरमध्ये किंवा प्लॉटमध्ये घालताना जामीनदार कोण? तर म्हणे, "अहो, दोन लाख लाइक आहेत त्याला!"

टीव्ही सेंटरपासून वाळूजपर्यंत हल्ली हेच ऐकू येतंय, म्हणून स्पष्ट लिहितो. जामीनदाराने सही केली की हप्ता थकल्यावर वसुलीवाले त्याच्या दारात उभे राहतात. लाइक देणाऱ्याचं काय जातं? अंगठा हलतो आणि पुढचं रील सुरू होतं.

काही जण म्हणतात, गर्दी असते तिथे काहीतरी चांगलं असणारच. नान-खलियाच्या बाबतीत हे खरं आहे. आपल्या आधी जेवून गेलेल्याला आपल्याकडून काही कमवायचं नसतं. आणि नाही आवडलं, तर शे-दोनशे रुपये गेले एवढंच. शेअरमध्ये मात्र आधी शिरलेला आपला माल तुमच्याच गळ्यात मारून बाहेर पडू शकतो. तुमची गर्दी हाच त्याचा नफा.

साधना ब्रॉडकास्टचं प्रकरण आठवा. २०२२ मध्ये यूट्यूबवर या कंपनीबद्दल खोटे व्हिडिओ आले. अदानी समूह ही कंपनी घेणार, अशा थापा त्यात होत्या. ते जास्तीत जास्त लोकांनी बघावेत म्हणून जाहिरातींवर पैसा ओतला गेला. म्हणजे व्ह्यूसुद्धा विकतचे! सेबीच्या आदेशानुसार छोट्या भागधारकांची संख्या २,१६७ वरून ५५,३४३ वर गेली. ही जनता खरेदी करत होती तेव्हा प्रवर्तकांपैकी काही जण आणि त्यांचे साथीदार विकून मोकळे होत होते. सेबीचा अंतिम आदेश यायला मे २०२५ उजाडला.

"पण हा आपल्या मराठीत सांगतो हो!" हेही ऐकतो. पुण्याच्या रवींद्र भारती यांच्या दोन यूट्यूब चॅनेलचे मिळून १८-१९ लाख सबस्क्रायबर होते. सेबीकडे नोंदणी नसताना गुंतवणुकीचा सल्ला दिल्याबद्दल एप्रिल २०२४ मध्ये सेबीने १२ कोटी रुपये रोखण्याचा अंतरिम आदेश काढला. डिसेंबरमध्ये साडेनऊ कोटी परत करायला सांगितलं. त्या १८-१९ लाखांतल्या किती जणांनी कधी नोंदणी क्रमांक विचारला असेल?

आणखी एक गोष्ट. नफा झालेला माणूस स्क्रीनशॉट टाकतो. बुडालेला बायकोलासुद्धा सांगत नाही. सेबीच्याच २०२४ च्या अभ्यासानुसार तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या १०० वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ जण तोट्यात गेले. एकूण तोटा १.८ लाख कोटींहून जास्त. हे ९३ जण तुमच्या फोनवर कधी दिसले का? लाइकच्या आकड्यात फक्त उरलेले सात जण बोलतात.

आपल्या भागाला हे नवीन नाही. मोबाइलवरचे अंगठे नसतानाही 'शेजाऱ्याने टाकले म्हणून' आपण टाकलेच की. बिडकीन-पैठण पट्ट्यात डीएमआयसीला जमिनी गेल्या, मोबदला हातात आला आणि 'तीस-तीस' योजनेत गेला. २०२२ मध्ये गुन्हे दाखल झाले. जमीन आधीच गेली होती, मग पैसाही अडकला. आता त्याच पट्ट्यात नवे कारखाने येणार म्हणून प्लॉटच्या रीलांचा पाऊस पडतोय. ड्रोनचा व्हिडिओ, मागे ढिनच्याक गाणं, खाली हजारो बदाम. सातबाऱ्यावर नाव कुणाचं, एनए झालंय का, रस्ता कागदावर आहे का, हे कोण विचारणार?

सेबी कारवाई करते, पण बहुतेक वेळा पैसा गेल्यावर. माझं म्हणणं एवढंच की पैशाची जाहिरात दाखवणाऱ्या इन्स्टाग्राम-यूट्यूबनेही नोंदणी तपासल्याशिवाय ती दाखवू नये. आणि अशा ऑफिसांच्या फिती कापायला जाणाऱ्या नेत्यांनी, त्याची बातमी लावणाऱ्या पोर्टलवाल्यांनीही आधी कागद बघावेत.

तोवर आपण तीन गोष्टी कराव्यात. शेअरचा सल्ला देणाऱ्याला सेबीचा नोंदणी क्रमांक विचारा आणि तो सेबीच्या वेबसाइटवर स्वतः तपासा. महारेरात नोंदणी लागणाऱ्या लेआउटच्या जाहिरातीत नोंदणी क्रमांक आणि क्यूआर कोड छापणं बंधनकारक आहे, तो नसेल तर बयाणा देऊ नका. ऑनलाइन फसवणूक झालीच तर लाजत बसू नका, लगेच १९३० वर फोन करा.

पोस्ट आवडली तर लाइक नका देऊ. घरात नुकतीच कुणाची ग्रॅच्युइटी किंवा जमिनीचा मोबदला आला असेल, तर त्यांना वाचून दाखवा.