लकवा मारला तर पहिले साडेचार तास: भोर-वेल्ह्यातून पुणे गाठताना काय माहीत हवे?

घरात कुणाला लकवा मारला की गावाकडे पहिला प्रश्न येतो, ‘कुणाकडे न्यायचं?’ त्याच्याही आधी विचारायला हवे, ‘किती वाजता झालं?’ ब्रेन स्ट्रोकचा उपचार घड्याळावर चालतो. भोर आणि वेल्हे (आता राजगड) तालुक्यांत त्यातला बराच वेळ रस्त्यावरच जातो.

नेमके होते काय?

मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद होते किंवा फुटते. गुठळीचे रुग्ण जास्त असतात. मोठी रक्तवाहिनी बंद झाली, तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख मेंदूपेशी मरतात. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन आहे, पण ते साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. रक्तस्राव असेल, तर तेच इंजेक्शन जिवावर बेतू शकते. दोन्ही प्रकार बाहेरून सारखेच दिसतात, म्हणून आधी सीटी स्कॅन लागतो. मोठी गुठळी नळी घालूनही काढता येते. त्यासाठी साधारण सहा तास, काही निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत मुभा असते.

२७० मिनिटांचा हिशेब

साडेचार तास म्हणजे २७० मिनिटे. रुग्णालयात पोहोचल्यावर तपासणी, स्कॅन आणि इंजेक्शन यांत तासभर जातो असे धरू. उरली २१०. भोर काय, वेल्हे काय, पुण्यापासून साधारण ५० ते ६० किलोमीटर. महामार्गाला लागल्यावर पुढे कात्रज, नवले पुलाची कोंडी आहेच. म्हणजे दोन तास धरून चला. केळदसारख्या घाटमाथ्यावरच्या गावातून किंवा हिर्डोशी खोऱ्यातल्या वाडीवरून गाडी मिळवून तालुक्याला यायला आणखी तास, पावसाळ्यात त्याहून जास्त. हातात उरतो अर्धा तास.

हा अर्धा तास ‘जरा पडू दे, बरं वाटेल’ म्हणण्यात संपतो. पुण्याहून मुलगा गाडी घेऊन येईपर्यंत थांबणे तर सर्वांत महागात पडते, कारण तेच अंतर दोनदा कापले जाते. त्यापेक्षा १०८ ला फोन करून ‘लकव्याची शंका आहे’ असे स्पष्ट सांगावे. निघतानाच रुग्णालयात फोन करून सीटी स्कॅन आणि गुठळीचे इंजेक्शन आत्ता मिळेल का, हे विचारून घ्यावे. एका दवाखान्यातून दुसऱ्यात फिरण्यात जाणारा वेळ त्याने वाचतो.

खरे तर हे गणित रुग्णाच्या घरच्यांवर सोडणेच चूक आहे. हिमाचल प्रदेशात डोंगराळ भागातल्या सरकारी रुग्णालयांतील डॉक्टरांनी स्कॅन स्मार्टफोनवरून मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवून तिथेच इंजेक्शन दिल्याचा अनुभव दहा वर्षांपूर्वीचा आहे. सह्याद्रीच्या कुशीतल्या तालुक्यांनाही ही सोय मागण्याचा हक्क आहे.

ओळखायचे कसे?

हसायला सांगा, तोंड एका बाजूला ओढले जाते का? दोन्ही हात उचलायला सांगा, एक खाली येतो का? साधे वाक्य बोलायला सांगा, जीभ अडखळते का? अचानक तोल जाणे किंवा एका डोळ्याने न दिसणे हीसुद्धा लक्षणे आहेत. झोपेतून उठल्यावर लक्षात आले, तर माणूस शेवटचा ठणठणीत कधी दिसला होता, ती वेळ डॉक्टरांना सांगा.

पाणी, चहा पाजू नका; गिळता न आल्याने ठसका लागून ते फुप्फुसात जाऊ शकते. ॲस्पिरिन देऊ नका. बीपी उतरवायची गोळी जिभेखाली ठेवू नका. चालू औषधांची पाकिटे मात्र सोबत घ्या.

पंधरा मिनिटांत सगळे आपोआप ठीक झाले, तरीही त्याच दिवशी रुग्णालय गाठा. मोठ्या झटक्याचा धोका पुढच्या दोन दिवसांत सर्वाधिक असतो.

टाळता येतो का?

बऱ्याच अंशी. ३२ देशांतल्या एका मोठ्या अभ्यासात दहापैकी नऊ झटक्यांमागे बदलता येण्याजोगी कारणे दिसली. मधुमेह, धूम्रपान, दारू, वाढलेले पोट ही त्यातली काही. पण सर्वांत वरचे कारण उच्च रक्तदाब. वरचा आकडा दहाने खाली आणला, तरी झटक्याचा धोका सुमारे पाव हिश्शाने घटतो. बीपी दुखत नाही, म्हणून ते कळत नाही. बायकांची मिश्री ‘दातांसाठी’ म्हणून तंबाखूत मोजलीच जात नाही, तीही थांबायला हवी. दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे एक छोटा चमचा मीठ पुरे. त्यात लोणचे, पापड आणि सुकटीतले मीठही धरायचे.

तिशी ओलांडलेल्यांचे बीपी आणि साखर उपकेंद्रात मोफत तपासतात. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० च्या पुढे वारंवार येत असेल, तर डॉक्टर गोळी सुरू करतात. घोळ पुढे होतो. महिनाभराने आकडा खाली येतो, ‘नॉर्मल झालं’ म्हणून गोळी बंद होते. आकडा गोळीमुळे खाली आलेला असतो. भातलावणीच्या आणि काढणीच्या दिवसांत उपकेंद्रात जायला सवड होत नाही, तेव्हा हंगाम सुरू व्हायच्या आधीच गोळ्या भरून ठेवाव्यात.