राखणीच्या नावाने पारध

भात कापून खळ्यावर आले की सिंधुदुर्गात ओलीवर कुळीथ पडतो, चवळी पडते. रान सुकत चाललेले असताना हा हिरवा तुकडा सांबर, भेकर, डुक्कर सगळ्यांनाच खेचतो. अशा तुकड्याच्या बांधावर माळा बांधून, कपाळाला बॅटरी लावून, ठासणीची बंदूक मांडीवर घेऊन जो बसतो, त्याला आज आमचा रोकडा सवाल आहे: तू राखण करतोस की वाट बघतोस? राखणदार डबा वाजवतो, शेकोटी पेटवतो, आरोळ्या ठोकतो. जनावर शेतात शिरू नये म्हणून. हा गृहस्थ श्वास रोखून बसतो. जनावर शेतात शिरावे म्हणून. शेतकरी आणि शिकारी यांच्यातली सीमा इथे आहे, आणि ती अंधारातही स्पष्ट दिसते.

रानाच्या कडेला दोन गुंठे हिरवे ठेवायचे, काजूची बी पिळून घेतल्यावर बोंडांचा ढीग नेमका बंदुकीच्या टप्प्यात ओतायचा, मिठाचे खडे टाकायचे, आणि सकाळी गावात सांगायचे की पिकाची नासाडी होत होती! हे आमिष आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीची जी व्याख्या केली तिच्यात गोळी घालणे आहे, फास लावणे आहे, हाकारा आहे आणि आमिष दाखवणेही आहे. म्हणजे चाप ओढण्याआधीच गुन्हा झालेला असतो. मारलेल्या जनावराचे मांस बाळगणारा आणि विकत घेणाराही त्याच कायद्याच्या कक्षेत येतो. किनाऱ्यावर मासे खायला येऊन ‘रानातले काही मिळेल का’ असे हळूच विचारणाऱ्या पाहुण्याने आणि त्याची हौस पुरवणाऱ्या यजमानाने हे नीट ऐकावे.

ही बंदूक आली कोठून? 1959 च्या शस्त्र कायद्याने प्रामाणिक पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची सोय ठेवली. ती सोय कष्टकऱ्यासाठी होती. आज जिच्या धन्याच्या नावावर लागवडीखाली वाफासुद्धा उरलेला नाही अशी बंदूकही ‘शेतसंरक्षणा’च्या कागदावर जिवंत राहू शकते. जमीन पड, कुटुंब मुंबईला, आणि बंदूक मात्र तेल पिऊन तयार! निवडणूक आली की प्रशासन या बंदुका ठाण्यात जमा करून घेते. मग एरवी प्रत्येक परवान्यामागे उभे पीक आहे की नाही हे बघायला त्याच प्रशासनाचे पाय का जड होतात?

यात सर्वांत मोठा घात होतो तो खऱ्या शेतकऱ्याचाच. आमिषाच्या तुकड्यावर पोसलेला कळप गावाची वाट शिकतो. त्यातले एक जनावर पडते; उरलेली पळतात आणि चार रात्रींनी शेजारच्या विधवा बाईच्या नाचणीत शिरतात. छर्रे लागून जखमी झालेले डुक्कर पहाटे गुरे घेऊन निघालेल्या माणसाच्या अंगावर जाते. डुकरासाठी लावलेल्या क्लचवायरच्या फासकीत बिबट्या तडफडून मरतो. शिकारीला गेलेल्या सोबत्यालाच गोळी लागल्याच्या बातम्याही या जिल्ह्याने वाचल्या आहेत. रानातले भेकर संपले की बिबट्याने खावे काय? तो वाड्यातले पाडस आणि अंगणातला कुत्राच उचलणार. मग पुन्हा ओरड, पुन्हा बंदूक.

काहीजण अमेरिकेचा दाखला देतात. तिथे शिकारी हरणांसाठी मुद्दाम गवत आणि ओट पेरतात, हे खरे. पण तिथे हंगाम ठरलेला, परवाना ठरलेला, मारायची संख्या ठरलेली. 1937 च्या कायद्याने बंदुका-काडतुसांवरचा कर वन्यजीवांच्या जतनाकडे वळवलेला. आणि नुसता चारा ओतून हरणे गोळा करण्यावर तिथल्याही अनेक राज्यांत बंदी आहे, कारण एका ढिगावर तोंडे एकत्र आली की रोग पसरतो. आपल्याकडे 1991 च्या दुरुस्तीनंतर हौसेच्या शिकारीला हंगामच उरलेला नाही. कोल्हापूरच्या छत्रपतींचे शिकारीचे रान 1958 साली दाजीपूरचे अभयारण्य झाले. राजाने सोडलेली हौस फोंडा घाट उतरून खाली आपण जपायची?

राहिली परंपरा. शिमग्याची पारध, देवाचा कौल, मांसाचे वाटे, हे सारे पुढे केले जाते. पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी 1832 साली ‘दर्पण’ काढले ते रूढीला प्रश्न विचारण्यासाठी. त्यांच्याच जिल्ह्यात देवाचे नाव घेऊन पोटात पिल्लू असलेली भेकरी मारली जात असेल, तर तो अधर्म आहे. आम्ही तो अधर्मच म्हणणार.

शेतकऱ्याचे दुःख आम्हाला ठाऊक आहे. वानर, गवा, डुक्कर यांनी त्याला जेरीस आणले आहे आणि सरकारने त्याला पंचनाम्याच्या फेऱ्यांत अडकवले आहे. भरपाई पुढच्या पेरणीआधी हातात पडली पाहिजे. कुंपणाला अनुदान मिळाले पाहिजे. नासाडी करणाऱ्या डुकराबाबत कायदेशीर परवानगीचा अर्ज आठवड्यात निकाली निघाला पाहिजे. हे न करणारे वन खाते चोरट्या शिकारीला आपल्या हाताने निमित्त पुरवते.

जिल्हाधिकाऱ्यांनी या पावसाळ्याआधी शेतसंरक्षणाचा प्रत्येक परवाना सातबाऱ्याशी आणि प्रत्यक्ष बांधाशी ताडून पाहावा. पीक नाही तिथे परवाना रद्द करावा. ग्रामसभांनी तसे ठराव घ्यावेत. आणि वाचकहो, आपल्या वाडीत राखणीचा माळा कुठला आणि पारधीचा कुठला हे तुम्हाला पक्के माहीत आहे. वन विभागाचा मदत क्रमांक 1926 आहे. तो फिरवा.