अर्जावरची तारीख

माझ्या खालाची मुलगी, जिला आम्ही सगळे आपा म्हणतो, पोटगीचा अर्ज घेऊन कौटुंबिक न्यायालयाच्या खिडकीवर गेली. अर्ज दाखल झाला २३ दिवसांनी, चौथ्या खेपेला. पहिल्यांदा आधार आणि निकाहनाम्यातलं नाव जुळत नाही म्हणून परत. दुसऱ्यांदा उर्दू निकाहनाम्याचं मराठी भाषांतर हवं म्हणून. तिसऱ्यांदा उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जाचं शपथपत्र नाही म्हणून. हे कागद मागितले याबद्दल तक्रार नाही. पण तिन्ही त्रुटी पहिल्या दिवशी त्याच फाइलमध्ये होत्या. चौथ्या खेपेला मी रजा टाकून सोबत गेलो.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. एका वेळी एकच चूक दाखवणारा फॉर्म आमच्याकडे कुणी बनवला तर टेस्टर तो संध्याकाळपर्यंत परत पाठवतो. इथे परत पाठवलं जातं माणसाला. आपा साडीला फॉल-पिको करते. एक खेप म्हणजे एका दिवसाची कमाई गेली.

त्याहून मोठं नुकसान वेगळंच आहे. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात सांगितलं. आपाने महिना ८,००० रुपये मागितलेत. तेवढे मंजूर झाले तर त्या २३ दिवसांचे सुमारे सहा हजार बुडाले, कारण त्या दिवसांत तिचा अर्ज कुठल्याच रजिस्टरमध्ये नव्हता. तिला परत पाठवल्याचीही कुठे नोंद नाही.

खिडकीवरच्या बाई वाईट नव्हत्या. एकट्याच होत्या, मागे फायलींचा ढीग, आतून सारख्या हाका. ‘आम्ही सल्ला देऊ शकत नाही,’ म्हणाल्या. बरोबर आहे. पण कोणते कागद लागतात हे सांगणं म्हणजे सल्ला नव्हे. शिवाय १९८४च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यात वकील लावणं हा पक्षकाराचा हक्क म्हणून धरलेला नाही. माणसाने स्वतः यावं, स्वतः बोलावं, ही त्यामागची कल्पना. मग अशा माणसाला वाट दाखवायला त्या खिडकीशिवाय दुसरं आहे कोण?

मग त्यांनी सहज विचारलं, ‘तुमच्यात तर इद्दतपर्यंतच असतं ना?’ आपा गप्प झाली. तिचा तलाक झालेलाच नाही. आणि झाला असता तरी मुस्लिम महिलेलाही कलम १२५ खाली पोटगी मागता येते, हे १० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा स्पष्ट केलंय. (आता ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४.) मी हे सांगितलं तेव्हा बाईंनी मान हलवली आणि पुढचं पान उलटलं. मी नसतो तर आपा बहुधा घरी परतली असती.

माझी मागणी साधी आहे. अर्ज आला की आधी तारखेचा शिक्का मारा, मग सगळ्या त्रुटी एकदाच, लेखी द्या. खिडकीबाहेर मराठी, हिंदी आणि उर्दूत कागदांची यादी लावा. त्यातच लिहा की न्यायालयात द्यायच्या शपथपत्राला महाराष्ट्रात २००४ पासून मुद्रांक शुल्क माफ आहे. आम्ही बाहेरच्या टायपिस्टच्या सांगण्यावरून ५०० रुपयांचा स्टॅम्प पेपर घेऊन बसलो होतो!

आणि आपण? आपल्या मोहल्ल्यात पासपोर्टचा फॉर्म भरून देणारी पोरं गल्लोगल्ली आहेत. या खिडकीवर सोबत येणारं कुणी नसतं. महिलेला उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. विधी सेवा प्राधिकरणाची हेल्पलाइन १५१०० आहे. हे आपाला पहिल्या खेपेआधी कुणी सांगितलं नाही. मीही नाही, कारण मलाच माहीत नव्हतं.

परवा मी एका पानावर यादी टाइप करून त्या खिडकीवर दिली. बाईंनी ती नीट वाचली, ‘झेरॉक्सचे दोन संच’ खोडून पेनाने ‘तीन’ केलं आणि काचेखाली सरकवली. आपाची पुढची तारीख महिनाभराने आहे. यादी तिथेच आहे का, ते तेव्हा बघेन.