मुदत फक्त अर्जदारालाच?

समजा, तुळजापूर तालुक्यातल्या खेड्यात १९८३ साली घरीच जन्मलेली मुलगी आता अमेरिकेची नागरिक आहे. आईला कायमचं जवळ न्यायचं म्हणून तिनं अर्ज केला. तिच्या जन्माची नोंद झाली बऱ्याच वर्षांनी. दाखल्यावर आई 'सुमन', पासपोर्टवर 'सुमनबाई'. दाखल्यावर जिल्हा उस्मानाबाद, पासपोर्टवर धाराशिव, कारण २०२३ मध्ये नाव बदललं. मग पत्र येतं: आणखी पुरावे द्या.

उत्तराला नियमानं जास्तीत जास्त ८४ दिवस. मुदतवाढ नाही. चुकलात, तर अर्ज सोडून दिला असं धरून फेटाळता येतो. शाळेचा दाखला, नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं, सगळं धावतपळत गोळा करून पाठवायचं. आणि निर्णय कधी? त्याला अशी मुदतच नाही.

अर्ज फार, माणसं कमी, हे मान्य. मग एच-१बीच्या अर्जाला जादा फी भरली की १५ कामाच्या दिवसांत हालचाल कशी होते? म्हणजे वेग आहे, पण तो विकत मिळतो. आईसाठीच्या अर्जाला तर पैसे मोजूनही मिळत नाही.

आपण तहसीलला नावं ठेवतो. पण महाराष्ट्रात २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे: ठरलेल्या सेवेला ठरलेली मुदत, विनाकारण चुकवणाऱ्या अधिकाऱ्याला दंड. तो किती पाळला जातो, यावर जरूर भांडू. पण भांडायला निदान तारीख तरी हातात असते.

पुरावा मागणं हा त्यांचा हक्क. तो पोचल्यावर उत्तराची तारीख मिळणं, हा आपला हक्क का नाही? आईचं वय काही फायलीसोबत थांबत नाही.