पत्ता बदलला की माणूस बदलतो?

वस्तू व सेवा कर परिषदेच्या ५६ व्या बैठकीतील (३ सप्टेंबर २०२५) दरकपातीचे निर्णय इतके गाजले की, त्याच बैठकीतील एका छोट्या निर्णयाकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. ऑनलाइन विक्रीमंचांवरून अनेक राज्यांत माल विकणाऱ्या लहान पुरवठादारांना प्रत्येक राज्यात ‘व्यवसायाचे मुख्य ठिकाण’ दाखवणे अवघड जाते. म्हणून त्यांच्यासाठी नोंदणीची सुलभ पद्धत असावी, या कल्पनेला परिषदेने तत्त्वतः मान्यता दिली. हस्तकलेच्या अनेक वस्तूंवरील कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला, त्याचे स्वागतच आहे. पण स्वबळावर छोटा व्यवसाय उभारणाऱ्या कलावंताच्या दृष्टीने हा दुसरा निर्णय मला अधिक मोलाचा वाटतो. तो का, हे समजून घ्यायचे तर जयपूरकडे पाहावे.

जयपूर हे बाहेरून आलेल्यांनी घडवलेले शहर आहे. १७२७ मध्ये सवाई जयसिंहांनी आमेरच्या डोंगरातून राजधानी खाली मैदानात आणली. नगररचनेचे काम बंगाली विद्याधर भट्टाचार्य यांच्याकडे होते. आखीव चौकड्यांच्या या नगरात व्यापारी आणि कारागीर ठिकठिकाणांहून बोलावून, जागा व सवलती देऊन वसवण्यात आले. शेजारच्या सांगानेरचे छिपे, म्हणजे लाकडी ठशांनी कापड छापणारे कारागीर, सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात मोगल-मराठा संघर्षाच्या धामधुमीत गुजरातेतून इकडे सरकले, असे सांगितले जाते. ज्या ‘ब्लू पॉटरी’ने जयपूरचे नाव जगभर नेले, तिचे मूळही इथले नाही. स्फटिकाची भुकटी, काच, मुलतानी माती आणि डिंक यांच्या लगद्यातून भांडी घडवण्याचे हे तंत्र इराण व मध्य आशियाकडून दिल्लीमार्गे आले. सवाई रामसिंह दुसरे यांच्या काळात, १८६० च्या दशकात स्थापन झालेल्या कलाशाळेत ते शिकवले गेले. विसाव्या शतकाच्या मध्यावर ते जवळपास लयाला गेले असता कृपाल सिंह शेखावत यांनी त्याला नवे जीवन दिले. शेखावाटीत जन्मलेल्या आणि शांतिनिकेतनात चित्रकला शिकलेल्या या कलावंताने जयपूरला आपली कर्मभूमी केले. १९७४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला यातून एकच गोष्ट ठळकपणे दिसते. युनेस्कोने २०१५ मध्ये ज्या शहराला हस्तकला व लोककलेचे सर्जनशील नगर म्हणून गौरवले आणि २०१९ मध्ये जागतिक वारसा यादीत घेतले, त्याची कला ही स्थलांतराची कमाई आहे. येणाऱ्याचे स्वागत करणे हे तेव्हाच्या राज्याचे धोरण होते.

आजचे राज्य काय करते? समजा, कोल्हापूरची एक तरुण कलावंत स्वतःच्या नक्षीचे ठसे करून कापड छापते आणि ऑनलाइन मंचावरून देशभर विकते. ठसे कोरणारे, रंग जाणणारे आणि छापणारे हात एकाच ठिकाणी मिळतील म्हणून ती जयपूरला बिऱ्हाड हलवते. परराज्यांत मंचावरून विक्री असल्याने उलाढाल कितीही लहान असली तरी तिला जीएसटी नोंदणी बंधनकारक आहे. ऑक्टोबर २०२३ पासून बिननोंदणीच्या लहान विक्रेत्यांना मंचांची दारे उघडली खरी, पण आपल्याच राज्यातील गिऱ्हाइकापुरती. कंपोझिशन ही सर्वांत सोपी करयोजनाही तिच्या कामाची नाही, कारण त्या योजनेत परराज्यात माल विकता येत नाही.

मग राजस्थानात नवी नोंदणी आली. त्यासाठी भाडेकरार आणि घरमालकाच्या नावाचे वीजबिल हवे. राहायला दिलेल्या खोलीत व्यवसाय दाखवायला किती घरमालक राजी होतात, हे प्रशासनात आयुष्य घालवलेल्या कुणालाही विचारावे. महाराष्ट्रातील नोंदणी रद्द करायची, तीन महिन्यांत अंतिम विवरणपत्र भरायचे आणि शिल्लक मालावर कराचा हिशेब चुकता करायचा. तो टाळण्यासाठी माल आधीच जयपूरला हलवायचा असेल, तर स्वतःच स्वतःला करासहित बीजक द्यायचे; कारण कायद्यानुसार दोन राज्यांत नोंदणी असलेला एकच माणूस म्हणजे दोन ‘भिन्न व्यक्ती’. मोठ्या कंपनीसाठी ही तरतूद तर्कशुद्ध आहे. एकट्या बाईने चालवलेल्या व्यवसायात तिचा अर्थ एवढाच, की सामानाच्या ट्रकाबरोबर तिची व्यावसायिक ओळख मात्र येत नाही.

कल्याणकारी योजनांचा रोखही असाच आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या, १३ हजार कोटी रुपयांच्या ‘पीएम विश्वकर्मा’ योजनेत पहिल्या टप्प्यात एक लाख आणि पुढे दोन लाख रुपयांचे कर्ज ५ टक्के व्याजाने मिळते. ही मदत मोलाची आहे. पण पडताळणीची पहिली पायरी ग्रामपंचायत किंवा नागरी स्वराज्य संस्था. जिथे आपण कालच आलो, तिथे आपल्या हातातील कसबाची साक्ष कोण देणार? शिवाय योजनेतील १८ व्यवसायांत कुंभार, सोनार, मूर्तिकार आहेत. ठसेछपाई करणारा छिपा नाही.

भौगोलिक मानांकनाचा प्रश्न वेगळा आहे. सांगानेरी आणि बगरू छपाईला ते मिळाले आहे आणि नकली मालापासून त्या वस्त्यांचे रक्षण करायला ते हवेच. मानांकन भूमीला बांधलेले असणे योग्य आहे. परंतु कर, कर्ज आणि ओळखही भूमीलाच बांधली, तर कलावंताच्या वाट्याला स्वतःचे असे काय उरते?

वित्त विभागांची बाजू मी जाणतो. बनावट पत्त्यांवर नोंदण्या करून, न झालेल्या खरेदीवरील कराची वजावट लाटणाऱ्या टोळ्या हे वास्तव आहे, आणि पत्त्याची कसून तपासणी त्यातूनच आली. पण तिच्यावर उपाय आहे. ठरावीक उलाढालीपर्यंतच्या कलावंताला पॅनवर आधारित एकच राष्ट्रीय नोंदणी द्यावी, अल्प दराने कर घ्यावा आणि तिच्या बीजकावर पुढच्या खरेदीदाराला वजावट देऊ नये. जिथे वजावटच नाही, तिथे लबाडीला वावही नाही. राज्यांचा महसूलही बुडत नाही. हा कर शेवटी माल जिथे वापरला जातो त्या राज्याकडे जातो, आणि मंचांकडे प्रत्येक पार्सलच्या पत्त्याची नोंद असतेच.

हे अशक्यप्राय नाही. ‘एक देश, एक शिधापत्रिका’ योजना २०२२ पर्यंत सर्व राज्यांत पोहोचली. बिहारच्या मजुराला मुंबईत धान्य मिळू शकते, कारण हक्क दुकानाचा नसून माणसाचा आहे हे आपण मान्य केले. तेच तत्त्व कारागिराच्या कर्जाला, ओळखपत्राला आणि करनोंदणीला लागू करायचे आहे. परिषदेने तत्त्वतः मान्य केलेल्या पद्धतीचा तपशील ठरताना ती केवळ मंचांच्या सोयीची होऊ नये, राज्य बदलणाऱ्या एकट्या कलावंतालाही तिच्यात जागा असावी, एवढा आग्रह राज्यांच्या अर्थमंत्र्यांनी धरायला हवा. महाराष्ट्र आणि राजस्थान या दोघांनी मिळून तो धरला, तर अधिकच उत्तम. एकाकडे गिऱ्हाईक आहे, दुसऱ्याकडे कसब.

सवाई जयसिंहांनी कारागिरांना बोलावले तेव्हा आधी जागा दिली. आपल्या व्यवस्थेत कलावंताला आधी जागेचा पुरावा द्यावा लागतो.