एक्सचे दहा शब्द कुठून आणायचे?

मैत्रिणींनो, हा प्रसंग तुमच्या घरी आठवड्यातून एकदा तरी घडत असणार. संध्याकाळी कुकरची तिसरी शिट्टी होते न होते तोच लेकरू वही घेऊन स्वयंपाकघरात येतं. 'आई, बाईंनी जी-एच असलेले दहा शब्द लिहून आणायला सांगितलेत.' कधी पी-एच, कधी के-एन, तर कधी नुसता एक्स. आणि जी बाई पन्नास माणसांचा स्वयंपाक एकटीच्या हिमतीवर उरकते, बचत गटाचा हिशोब तोंडपाठ सांगते, तिला एकदम घाम फुटतो. 'बाबांना विचार' नाहीतर 'क्लासच्या ताईंना विचार' म्हणून ती मोकळी होते.

आपल्या राज्यात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. त्याआधी मराठी शाळेत शिकलेल्या आपण सगळ्या पाचवीत ए-बी-सी-डी गिरवलेल्या. आताच्या तरुण आया पहिलीपासून इंग्रजी शिकल्या खऱ्या, पण भीती काही त्यांचीही गेलेली दिसत नाही. त्या भीतीपोटी दुसरी-तिसरीतल्या पोराला इंग्रजीचा क्लास लागतो आणि महिन्याच्या खर्चात आणखी एक आकडा वाढतो. मला हे पटत नाही. या गृहपाठासाठी तरी क्लासची गरज नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

हल्ली मोबाइलचा उपाय निघालाय. अक्षरं टाकली की शंभर शब्दांची यादी समोर. काम दोन मिनिटांत होतं, पण पोराच्या पदरात काय पडतं? आम्ही काही जणी वस्तीतल्या मुलांचा संध्याकाळी अभ्यास घेतो. तिथे चौथीतल्या एका मुलीच्या वहीत के-एनचे दहा शब्द अगदी मोत्यासारख्या अक्षरात लिहिलेले होते. त्यात 'नेव्ह' असा शब्द होता. अर्थ विचारला तर ती माझ्याकडे बघतच राहिली. नेव्ह म्हणजे लबाड माणूस. जुन्या गोष्टींच्या पुस्तकांबाहेर हा शब्द कोण वापरतं? आणि रोज हातात असणारी सुरी, म्हणजे 'नाइफ', यादीत नव्हतीच! 'नी' म्हणजे गुडघा, तोही नव्हता. वस्तीतल्या निम्म्या आज्या गुडघेदुखीने हैराण आहेत, पण वहीत गुडघा नाही.

खरी गोम वेगळीच आहे. आपल्या मराठीत बोलावं तसं लिहिता येतं. इंग्रजीत कानाला एक ऐकू येतं आणि कागदावर दुसरंच उमटतं. म्हणून आपल्याला वाटतं, जी-एचचा एकही शब्द मला येत नाही. बघा बरं, येतो की नाही. लाइट गेली म्हणतो, त्या लाइटमध्ये जी-एच. आपली नाइटी, टाइट झालेलं झाकण, हायवे, हायस्कूल, वजनकाट्यावरचं वेट, टेलरने मापात धरलेली हाइट. पोराची रफ वही घ्या, तिथे जी-एचचा उच्चार चक्क 'फ' होतो. कपाटातलं कफ सिरप घ्या, तिथेही तेच. (आपला कफ वेगळा बरं का, इंग्रजीत कफ म्हणजे खोकला!) नऊ शब्द झाले, आणि चुलीपासून हलावंही लागलं नाही. दहावा पोराला शोधू दे.

तसंच घरातल्या पुड्यांचं. कोणत्याही पाकिटावर 'नेट क्वांटिटी' छापलेलं असतं, तिथे क्यू सापडतो आणि त्याच्या मागोमाग यू. इंग्रजीत क्यूच्या पाठीला यू जवळजवळ नेहमीच असतो. एवढं एक कळलं तरी क्वीन, क्विक, क्वार्टर असे शब्द आपोआप सुचतात. 'एक्स्पायरी'त एक्स, गव्हाच्या पिठाच्या पिशवीवर 'व्हीट'मध्ये डब्ल्यू-एच. बाजारातून येताना पाट्या वाचायला लावा. फार्मसी, फोटो स्टुडिओ, फोन रिपेअर. पी-एचचा 'फ' असलेले बरेचसे शब्द मुळात ग्रीक भाषेतून आलेत. फॅन, फॅमिली, फी यांना मात्र साधा एफ.

इथे एक सांभाळायचं. उच्चार सारखा म्हणजे अक्षरं सारखी, असं धरून चालायचं नाही. लाइटमध्ये जी-एच आहे, पण व्हाइटमध्ये नाही. म्हणून शब्द आधी डोक्यातून काढायचा आणि मग डिक्शनरीत बघायचा. डिक्शनरी पहिल्या अक्षरावर लावलेली असते. मधल्या अक्षराचे शब्द तिच्यात शोधत बसलात तर रात्र सरेल, पण आपल्याला सुचलेला शब्द बरोबर की चूक, हे मात्र ती क्षणात सांगते. पोराला ती चाळायची सवय लागते, हा फायदा वेगळाच.

आणि ही मुकी अक्षरं काही उगाच बसलेली नाहीत. लाइट, नाइटमधला जी-एच एके काळी घशातून बोलला जायचा. जर्मन लोक अजूनही रात्रीला 'नाख्ट' म्हणतात. इंग्लंडमध्ये 1476 साली छपाई सुरू झाली, पुढे स्पेलिंगं पक्की होत गेली, आणि तोंडातला उच्चार मात्र बदलत राहिला. 'डेट' म्हणजे कर्ज, त्यातला बी तर विद्वानांनी लॅटिनचा मान राखायला मागाहून घुसवला. तेव्हा स्पेलिंग चुकलं की 'मी अडाणी' म्हणून कपाळाला हात लावायचं काही कारण नाही.

अहो, अवघड अक्षरं त्यांनाही अवघडच आहेत. स्क्रॅबल नावाचा खेळ आहे ना, तो मंदीत नोकरी गेलेल्या आल्फ्रेड बट्स या अमेरिकन आर्किटेक्टने तयार केला. कोणतं अक्षर किती वेळा येतं, हे त्याने वर्तमानपत्रात मोजलं होतं. त्या खेळात ई बारा वेळा आहे आणि गुण फक्त 1. क्यू आणि झेड एकेकदाच, पण गुण 10. जे आणि एक्सला 8.

आता थोडं शाळेबद्दल. 'एक्सपासून सुरू होणारे शब्द लिहा' हा गृहपाठ मला अजिबात मान्य नाही. असे शब्द इंग्रजीतच मोजके आहेत. म्हणून तर तक्त्यावर वर्षानुवर्षं एक्समस ट्री नाहीतर झायलोफोन. तो झायलोफोन आपल्या गावात कुणी पाहिलाय? त्याऐवजी 'एक्स असलेले शब्द' म्हटलं तर बॉक्स, सिक्स, मिक्सर, टॅक्सी, टॅक्स असे घरचेच शब्द येतील. दहाऐवजी पाचच मागावेत, आणि प्रत्येकापुढे मराठी अर्थ व एक छोटं वाक्य. मग मोबाइलवरची यादी उतरवून भागणार नाही. बाईंवरही पटसंख्येचा आणि कागदपत्रांचा भार असतो, हे मी जाणते. पण पाच शब्द तपासणं दहापेक्षा सोपंच ना?

पुढच्या पालकसभेत फी आणि गणवेशाचं बोलून झालं की हा विषय जरूर काढा. एकटीने उठायला संकोच वाटत असेल तर चौघी मिळून उठा. आणि झेड विचारला तर फ्रीझर, झिप, पिझ्झा आणि साइझ लक्षात ठेवा. ब्लाउजमध्येही एस आहे, झेड नाही, तेवढं तपासून घ्या.