पारावरचा सल्ला आणि सातबारा

पारावर एक प्रश्न हटकून निघतो : सातबाऱ्यावर नांव चढलें म्हणजे जमीन आपली झाली ना? चौघे मान डोलावतात. आमचें मत तसें नाहीं. १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या १५७ व्या कलमाप्रमाणें ती नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंतच खरी धरतात. मालकीचा वाद दिवाणी न्यायालयांतच तुटतो. उलट, बहिणीचें नांव गाळून वारसाचा फेरफार धरला व त्याची नक्कल चावडीवर लागली, कीं तिकडे कोणी फिरकत नाहीं! हरकतीस दिवस अवघे १५. आम्ही कचेरींत असतां कित्येकांस ठाऊकच नसे कीं, हरकत तोंडीहि चालते आणि तिची लेखी पोंच तलाठ्यानें तत्काळ दिली पाहिजे. ती मागून घ्यावी.